एका गुडघ्यासाठी पाच महिने

सीमेवरून माझा नवरा परत आला तो एक गुडघा घेऊन. उजवा पाय मांडीच्या मध्यावर संपला होता, डावा गुडघ्याखाली वीतभर उरला होता आणि डाव्या हाताची तीन बोटं तिकडेच राहिली होती. सुरुंगावर पाय पडला तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तेव्हा मी पुष्कळ रडले. आता तीस वर्षांनंतर पुन्हा रडून दाखवायची मला हौस नाही. मला सांगायचंय ते त्या एका डाव्या गुडघ्याबद्दल. गेल्या वर्षी तोही जायची वेळ आली, आणि ती वेळ आणली आम्हीच दोघांनी, मोठ्या प्रेमाने.

एका गुडघ्याचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. गुडघा स्वतःचा असला की नकली पायावरही पायरी चढता येते, खुर्चीतून उठता येतं, तोल गेला तर सावरता येतं. यांचा उजवा गुडघा धातूचा, त्याची सगळी भिस्त डाव्यावर. दोन्ही गुडघे गेलेला विशीतला जवान जिद्दीने शिकतोही चालायला. पण साठीला टेकलेल्या, साखर जडलेल्या, खांदे झिजलेल्या माणसाला डॉक्टर सरळ चाकांची खुर्ची दाखवतात. म्हणजे गुडघा गेला की यांचं चालणं गेलं, इतका सरळ हिशेब होता.

आणि चालणं म्हणजे यांचा जीव. आमचं घर नागावला. नारळ-सुपारीची वाडी, मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या. सकाळी चहाच्या आधी दोन्ही पाय चढलेले, पँटीला इस्त्री, बुटांना पॉलिश. बुटात पाय नाहीत हे माहीत असूनही बुटांना रोज पॉलिश करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा एक मुंबईकर पाहुण्या बाई नाश्ता करताना म्हणाल्या, "काका जरा लंगडतात, गुडघेदुखी का?" हे गंभीरपणे म्हणाले, "हो ना, गुडघ्यांचाच प्रॉब्लेम आहे." त्या बाईंनी यांना मेथीचे लाडू खायला सांगितले. तीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाने यांना पायांशिवाय पाहिलेलं नव्हतं, अगदी सख्ख्या धाकट्या भावानेसुद्धा.

लोकांना वाटतं, पाय बसवला की प्रश्न मिटला. तो तिथे सुरू होतो. पायाचा जो भाग उरलाय त्याला आम्ही घरात खुंट म्हणतो. हा खुंट जिवंत असतो. उन्हाळ्यात फुगतो, आजारपणात वाळतो, आणि वरचं कवच मात्र तेच, कडक. कधी दोन मोजे घालून बसवायचं, कधी चार. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत दुपारी पाय काढला की आतून वाटीभर घाम ओतावा लागतो. शरीराचा भार काठ्यांवर तोलून तोलून खांदे गेले, कंबर धरली, चालणं कमी झाल्याने वजन वाढलं, वजनामागोमाग साखर आली. यातलं एकही दुखणं यांनी कधी स्वतःहून सांगितलं नाही. कसं आहे विचारलं की "ठीक." फौजेत दुखणं सांगणारा कामचुकार ठरतो, हे यांच्या डोक्यात विशीत बसलं ते बसलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांनी ती मूठ इतकी घट्ट झाकली होती की मला उघडायला पहार लागली असती.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे घरचं खोबरेल. आपल्याच वाडीतल्या नारळाचं, उन्हात वाळवलेल्या खोबऱ्याचं, घाण्यावर नेऊन काढलेलं. बाळाच्या टाळूपासून दाराच्या बिजागरीपर्यंत आम्ही सगळ्याला तेच लावतो. हे इस्पितळातून घरी आले तेव्हा सासूबाईंनी खुंटाला तेल लावायला सुरुवात केली. त्या गेल्या तशी ती वाटी माझ्याकडे आली. रोज सकाळी पाय चढवायच्या आधी मी दोन्ही खुंटांना तेल चोळायचे. दिवसभरात आम्ही दोघं निवांत बसायचो ती तेवढीच दहा मिनिटं. सुती मोज्यांच्या काळात ते खपून गेलं. मग चार वर्षांपूर्वी लष्कराच्या पाय बनवणाऱ्या केंद्रातून नव्या तऱ्हेचा पाय मिळाला. त्यात आधी सिलिकॉनचं एक मऊ जाड आवरण कातडीवर चढवायचं, मग त्यावर पाय बसायचा. तिथल्या कारागिराने बजावून सांगितलं, "वहिनी, सकाळी तेल बिलकुल नको. पकड सुटते." मी मान डोलावली. मनात म्हटलं, याला काय कळतंय, घाटावरचा माणूस! खोबरेलाने कुणाचं वाईट झालंय, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन मी हजर.

यावर यांनी काय करावं? मला नाही म्हणावं. ते राहिलं बाजूला. मी तेल लावलं की हे न्हाणीघरात जायचे आणि कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन, नारळाच्या काथ्याने खसाखसा घासून ते तेल काढायचे. मग वर पाय. चार वर्षं! वडी लवकर झिजते म्हणून मी भांडी घासायला येणाऱ्या बाईंवर संशय घेत होते. त्यांची मी नंतर माफी मागितली.

गेल्या ऑक्टोबरात, सगळ्यात वाईट उकाड्यात, मी ते सिलिकॉनचं आवरण धुवायला घेतलं तर आत पिवळा डाग आणि वास. हे बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी जाऊन म्हटलं, "अहो, पाय काढा."

"आता? लोक येतायत जातायत."

"आत चला आणि काढा."

डाव्या खुंटावर, हाडाच्या अगदी पुढ्यात, रुपयाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून. बरी होत आलीये." गणपतीच्या आधीपासून! त्या जखमेवर उभं राहून या माणसाने पाच दिवस आरत्या म्हटल्या होत्या. मला इतका राग आला की माझ्या हातातलं ते आवरण मी जमिनीवर आपटलं. मग तेच उचलून पुन्हा धुतलं, कारण ते महाग असतं.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, फोटो काढले, रक्त तपासलं आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी बरी नसते, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. त्या म्हणाल्या, "जंतू हाडाच्या तोंडाशी आलेत. हाडात शिरले असतील तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. नसतील शिरले तर गुडघा वाचवता येईल, पण चार-पाच महिने पाय घालायचा नाही, औषधं चुकवायची नाहीत, आणि साखर खाली आणायची. साखर अशीच राहिली तर ही जखम भरणार नाही." हे ताठ बसून "येस मॅडम" म्हणाले. मी पदराला घाम पुसला.

मग तो कारागीर आला. स्वतः जुना हवालदार, त्यालाही एक पाय नकली. त्याने खुंट हातात घेतला, कातडीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही चामडी इतकी कोरडी, फाटकी कशाने?" मग मीच म्हटलं, "कोरडी कशी असेल? मी रोज तेल लावते." तो माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात हे खाली मान घालून म्हणाले, "आणि मी रोज साबणाने काढतो."

तो आधी पोट धरून हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला आणि तो आम्हा दोघांवर असा कडाडला की बाहेरच्या बाकावरचे जवान उभे राहिले. "एक तेल लावतंय, दुसरं साबणाने सोलतंय! साहेब, तुम्ही सांगितलं का नाही?"

हे म्हणाले, "तिला वाईट वाटलं असतं."

माझ्या या नवऱ्यावर त्या क्षणी माझं जितकं प्रेम होतं तितकाच त्याचा गळा दाबावा असंही वाटलं. परतीच्या प्रवासात घाट उतरेपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते. मग म्हटलं, "तुमचा गुडघा गेला तर मला किती वाईट वाटेल, त्याचा विचार केला होता का?" आणि मी गाडीत हमसून हमसून रडले. हे माझा हात धरून बसले, दोन बोटं उरलेल्या हाताने.

घरी येऊन हे जे आमच्या आतल्या खोलीत शिरले ते बाहेर येईनात. पाय नाहीत तर बाहेर नाही, असा कायदाच. केंद्रातून पूर्वीच मिळालेली चाकांची खुर्ची पडवीत होती. तिच्यात आम्ही सोललेले नारळ ठेवायचो. ते काढून मी खुर्ची धुतली, पुसली, दाराशी आणून उभी केली. हे तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. दिवसभर पलंगावर. मी भात बंद केला, गोड बंद केलं, भाकरी मोजून वाढली. दीड महिन्यात साखर तसूभर हलली नाही, उलट वजन वाढलं. जखम भरायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "हालचाल हवी. रोज तासभर खुर्ची स्वतःच्या हाताने चालवायला सांगा. रस्त्यावर."

हे म्हणाले, "रस्त्यावर नाही. लोक बघतील."

माझं डोकं फिरलं. मी पस्तीस वर्षं मुलं शिकवली, हट्टी पोरं मला नवीन नाहीत, पण साठ वर्षांचं पोर पहिल्यांदाच. मी म्हटलं, "तीस वर्षं तुम्ही इस्त्रीची पँट सांभाळलीत. आता एकदाच काय ते ठरवा. पँट हवी की गुडघा? दोन्ही मिळणार नाही." आणि मी सरळ स्वयंपाकघरात निघून गेले. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

पाव तासाने पडवीत चाकांचा आवाज झाला.

हे अंगणापर्यंत आले होते. लुंगी दुमडून घेतलेली, डावा खुंट पट्टीत गुंडाळून खुर्चीला जोडलेल्या फळीवर लांब ठेवलेला. आणि नेमकी त्याच वेळी रेवदंड्याहून येणारी आमची मासेवाली फाटकातून आत आली. टोपली डोक्यावर, जीभ तिखट. मला वाटलं, संपलं, हे आता पुन्हा आत जातील आणि परत बाहेर पडायचे नाहीत. तिने टोपली उतरवली, यांच्याकडे खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"व्हय मेजर, आज पाय न्हाय लावलंव?"

"जखम झालीये," हे कसेबसे म्हणाले.

"मंग बरा क्येलंव. मी पन घरी ग्येले का पयल्या चपला भिरकावतंय. तुमचं पाय त्या तुमच्या चपलाच न्हाय का? आता सुरमय हाय, ताजी हाय, घ्येताव का न्हाय ते सांगा."

यांनी सुरमई घेतली. भावही केला. घासाघीस करताना आवाज चढला तेव्हा मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

दुसऱ्या दिवसापासून हे रस्त्यावर. आमचा रस्ता दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून, दगड रचलेल्या गडग्यांच्या मधून जातो. अरुंद, पण डांबरी. पहिले तीन दिवस लोक थांबून बघत. धाकटे दीर तर रस्त्यातच थिजले आणि डोळे पुसायला लागले. हे त्यांना म्हणाले, "रडतोस काय, ढकलू नको फक्त." आठवड्याभरात कुणी मान वर करून बघेना. उलट रिक्षावाले मागून हॉर्न वाजवायला लागले, "मेजर, बाजू द्या की!" यांना त्याचा भारी आनंद.

आणि संध्याकाळी मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. शाळेत घ्यायचे तशी, खुर्चीत ताठ बसून. "डावा खांदा?" "हजर." "उजवा खांदा?" "ठीक." "ठीक हे उत्तर चालणार नाही. काय होतंय ते सांगा." सुरुवातीला यांना शब्दच सापडायचे नाहीत. दुखणं कसं सांगतात ते या माणसाला येतच नव्हतं. ठणकतंय का, टोचतंय का, आग होते का, मुंग्या येतात का, असं मी पहिलीच्या पोराला शिकवावं तसं एकेक विचारायचे. हळूहळू सुधारले. "उजवा खांदा हजर आहे, पण रडतोय." "कंबर आज गैरहजर राहायचं म्हणतेय." एका संध्याकाळी यांनी सांगितलं की नसलेल्या उजव्या पावलाची आग होते, गेली तीस वर्षं, थंडीत जास्त. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी यांच्या खांद्याला तेल चोळत राहिले. खांद्याला तेलाची मनाई नव्हती.

डिसेंबरात साखर उतरायला लागली. जानेवारीत जखमेच्या तळाशी लाल, ओलं, निरोगी मांस दिसलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर फोटो बघून सांगितलं की असंच हवं. मी त्या दिवशी कधी नव्हे ते मोड आलेल्या वालाचं बिरडं केलं आणि यांना एक वाटी जास्त वाढली. फेब्रुवारीच्या शेवटी कातडी मिटली. मार्चमध्ये आम्ही पुन्हा केंद्रात गेलो. हाडाचे फोटो काढायला यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. आतापर्यंत मी धीराची होते. तिथे मात्र मी नवस बोलायला लागले. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं पालीच्या बल्लाळेश्वराचं एक फेडून झालंय, बाकीची चालू आहेत.

डॉक्टरीणबाई फोटो उजेडासमोर धरून बाहेर आल्या. या वेळी बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "हाड स्वच्छ आहे. गुडघा तुमचाच." वजन अकरा किलो उतरलं होतं. यांनी डॉक्टरीणबाईंना सलाम ठोकला आणि मी, भर दवाखान्यात, सगळ्या जवानांदेखत, नवऱ्याला मिठी मारली. माझ्या पिढीतल्या बाया असं करत नाहीत. मी केलं आणि मला अजून त्याचा अभिमान आहे.

पुढे महिनाभराने नव्या पायाचं माप घेतलं. आज हे त्या पायांवर वाडीभर फिरतात, पायऱ्या चढतात, माझ्याशी भांडून तावातावाने चालत निघूनही जातात. पण मला सांगायचाय तो मधल्या काळातला एक रविवार. कातडी घट्ट व्हायला अजून वेळ होता, पाय नव्हते, पण मऊ जागेवर गुडघा टेकायला परवानगी होती आणि पोहायलाही. सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "समुद्रावर जाऊ." लग्नानंतर पहिल्या वर्षी यांना समुद्रात पाहिलं होतं, त्यानंतर कधीच नाही. मी म्हटलं, "सोमवारी जाऊ, आज गर्दी असेल." हे म्हणाले, "म्हणूनच आज."

गर्दी होतीच. घोडागाड्या, उंट, पाण्यावर फटफटणाऱ्या स्कूटर, भेळेच्या गाड्या. वाळूत खुर्चीची चाकं रुतली. धाकट्या दिरांनी उचलायला हात पुढे केले तर यांनी हात दाखवून थांबवलं. स्वतः खाली उतरले. दोन हात आणि तो एक गुडघा टेकत, ओल्या वाळूवरून, सगळ्यांच्या नजरांमधून हे पाण्यापर्यंत गेले. त्या गुडघ्याचे ठसे वाळूत एका बाजूने उमटत गेले. मी मागून चालत होते, साडी सावरत, कुणी काही बोललं तर त्याला फाडून खायच्या तयारीने. कुणी काही बोललं नाही. एका बाईंनी तेवढी बाजूला होऊन वाट दिली.

पहिली लाट अंगावर आली आणि हे दिसेनासे झाले. मला पोहता येत नाही. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून यांना हाका मारायला लागले, आधी "अहो", मग चक्क नावाने. मग लाटेपलीकडे डोकं वर आलं, आणि हात. नागावात जन्मलेल्या माणसाचे हात ते, पोहणं काही विसरले नव्हते. आणि सांगते ते खरं, समुद्रात कुणाला किती पाय आहेत ते कळत नाही. हे सरळ आत निघाले. आणखी आत. आणखी.

पलीकडच्या टोकाला, गाड्यांजवळ, जीवरक्षक उभा होता. नवा होता, आमच्या गावचा नव्हता, यांना ओळखत नव्हता आणि पाण्यात उतरतानाही त्याने पाहिलं नव्हतं. त्याने जोरात शिट्टी फुंकली आणि हात उंच करून ओरडला, "ओ काका! तुम्हालाच! फार पुढे जाताय, कळत नाही का? मागे फिरा!"

तीस वर्षं लोक यांना "जपून", "सावकाश", "बसा हो, आम्ही आणतो" एवढंच म्हणत आले होते. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून खो खो हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे मागे फिरले, हळूहळू, शिक्षा झालेल्या पोरासारखे. वाळूला लागले तेव्हा चेहरा नुसता फुललेला. धापा टाकत मला म्हणाले, "ऐकलंस? मला शिट्टी मारली त्याने! फार पुढे गेलो म्हणून!"

पुढचे आठ दिवस हे खुर्ची घेऊन गावभर हीच गोष्ट सांगत फिरत होते, आणि प्रत्येक घरी सांगताना थोडे आणखी पुढे गेलेले असत.